सातपुड्याच्या पायथ्याशी पायी फिरायला कुठे जावं? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

तापीकाठ_मृणाल

डिसेंबरच्या शेवटी एक दिवस सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात पायी फिरायचं आहे. जळगावहून निघणार. बरोबर वडील (चौसष्ट वर्षांचे, रोज तासभर चालतात, गुडघे ठणठणीत) आणि दोन भाचे, एक सातवीत, एक दहावीत. चार-पाच तासांची चाल हवी, फार उभी चढण नको, झाडी दाट हवी. देवळाच्या पार्किंगपासून धबधब्यापर्यंतची सिमेंटची वाट नको.

शिवाय एक म्हणणं मांडायचं आहे. यावल, चोपडा, रावेर, शिरपूर, शहादा, कुठेही उभे राहा, उत्तरेला सातपुडा दिवसभर समोर असतो. तरी आपल्याकडचे ट्रेकचे ग्रुप बस भरून हरिश्चंद्रगडाला आणि कळसूबाईला जातात. सह्याद्रीतल्या एकेका घाटवाटेवर पानंच्या पानं लिहिलेली सापडतात. आपल्या डोंगराबद्दल मात्र 'निसर्गरम्य ठिकाण' यापलीकडे ओळ नाही. वाट कुठून सुटते, पाणी कुठे आहे, परवानगी कोणाची, कोणाला विचारायचं, हे कोणीतरी नीट लिहायला हवं. ज्यांना माहीत आहे त्यांनी इथे लिहा, हात जोडून विनंती.

केळीपट्टा_रावेर

पाल. दुसरा विचारच करू नका.

रावेरहून केळीच्या बागा संपल्या की रस्ता डोंगरात शिरतो आणि थोड्याच वेळात हवा बदलते. पाल यावल अभयारण्यात येतं. अभयारण्य १९६९ सालचं, साधारण १७७ चौरस किलोमीटरचं. सुकी नदीचं खोरं आहे, खाली गारबर्डी धरण आहे. पण आत पायी जायचं तर वनविभागाची परवानगी लागते आणि त्यांनी दिलेला किंवा गावातला माणूस बरोबर लागतो. आदल्या दिवशी विचारून ठेवा, ऐन वेळी नाक्यावर हुज्जत घालू नका.

नंदू_चाळीसगाव

मृणालताई, चार-पाच तास, झाडी, वडील आणि मुलं हे सगळं एकत्र जमवायचं तर पाटणादेवीसारखी जागा नाही. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर. गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात येतं, म्हणजे इथेही नोंद आणि परवानगी आलीच.

मंदिरापर्यंत गाडी जाते आणि नव्वद टक्के लोक तिथूनच परत फिरतात. खरी मजा त्यापुढे आहे. कण्हेरगडाच्या पायथ्याला हेमाडपंती महादेव मंदिर आहे, त्याच्यावरचं कोरीव काम बघायला वडिलांना अर्धा तास द्या. तिथून गडाच्या कड्यात नागार्जुन लेणं, सीता न्हाणी. दुसऱ्या बाजूला केदारकुंड आणि धवलतीर्थ. पाणी म्हणाल तर पावसाळा संपल्यावर काही महिने टिकतं, पुढे बारीक होत जातं.

मुलांना आवर्जून सांगा की याच पाटण गावात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. त्याबद्दलचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. दहावीच्या मुलाला गणित आवडत असेल तर त्याला तिथून हलवणं कठीण जाईल.

सातपुडा_एके_सातपुडा

नंदूभाऊ, जागा सुंदर, वाद नाही. पण धाग्याचं नाव वाचा. पाटणादेवी अजिंठ्याच्या रांगेत आहे, तापीच्या दक्षिणेला. सातपुडा उत्तरेला. दोन्ही डोंगरांची जातकुळी वेगळी.

नंदू_चाळीसगाव

डोंगर वेगळा, खानदेश तर एकच ना भो! ताईंना चौसष्ट वर्षांच्या वडिलांना न्यायचंय, त्या भूगोलाच्या पेपराला बसलेल्या नाहीत.

धुळ्याची_वैशाली

मग लळिंगलाही जागा द्या. धुळ्याच्या अगदी जवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगत. खाली कुरण, वर किल्ला, पावसाळ्यात धबधबा. जंगलात लांडोर बंगला आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली धुळ्याला आले तेव्हा तिथे राहिले होते. लहान मुलांना डोंगराची सवय लावायला लळिंग उत्तम, अर्ध्या दिवसात होतं. पण मृणालला हवी तशी दाट झाडी तिथे मिळणार नाही, हेही खरं.

अनेरकाठ

काय भाऊसहोन, आमना शिरपूरनं नाव कोनीच लिन्हं नही?

अनेर धरणाचं अभयारण्य आहे, हिवाळ्यात पाणपक्षी येतात. लांब चाल नाही, पण दुर्बीण घेऊन सकाळ छान जाते.

भूजलवाला_यावल

पाण्याबद्दल लिहितो, कारण सातपुड्यात चालताना सगळ्यात जास्त गफलत पाण्याचीच होते. मी विहिरी-बोअरच्या कामात आहे, यावल-चोपडा-रावेर पट्ट्यात.

सातपुडा हळूहळू चढत नाही. तापीचं सपाट खोरं आणि डोंगराची भिंत यांच्यामध्ये दगडगोटे, वाळू, मुरूम यांचा जाड थर साचलेला एक पट्टा आहे. आमच्या कामात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून धो धो येणारा नाला या पट्ट्यात आला की पाणी खाली झिरपतं आणि पात्र कोरडं पडतं. त्यामुळे नकाशावर निळी रेघ बघून 'पायथ्याशी नदी आहे, बाटल्या तिथेच भरू' असं ठरवलंत तर हातात गोटे येतील. याउलट पायथ्याशी नाला ठणठणीत कोरडा असला तरी वर अर्धा-पाऊण तास चढल्यावर, जिथे पात्रात अखंड काळा खडक लागतो, तिथल्या डोहात पाणी असू शकतं. वाटाड्याला 'नाला कुठे' असं विचारू नका. 'डोह कुठे, आणि या महिन्यात त्यात पाणी आहे का' असं विचारा.

आणि हा पट्टा म्हणजे आपल्या केळीची तिजोरी आहे. डोंगरावर झाडी असेल तर पाणी थांबत थांबत खाली येतं आणि इथे मुरतं. डोंगर बोडका झाला की एका रात्रीत पूर येऊन सगळं तापीला जाऊन मिळतं. पायथ्याच्या गावांत विहिरी आटल्या आणि बोअर खोल खोल चालले आहेत. जंगलात फिरायला जाणाऱ्या प्रत्येक बागायतदाराने एकदा तरी तो कोरडा नाला चालत वरपर्यंत जावा असं मला मनापासून वाटतं. आपलं पाणी कुठून येतं ते पायांना कळतं.

केळीपट्टा_रावेर

दादा, हे आमच्या गावात सभा घेऊन सांगण्यासारखं आहे. आमच्या आजोबांच्या विहिरीला पावसाळ्यानंतर हाताने पाणी लागायचं असं घरात सगळे सांगतात. आता पंप सोडतानाच धाकधूक.

ट्रेकर_अमोल

खूप छान माहिती. एक सूचना: प्रत्येकाने आपापल्या वाटेची जीपीएक्स फाइल (मोबाइलच्या जीपीएसने केलेली चाललेल्या वाटेची नोंद) इथे टाकावी. सह्याद्रीत त्याचा फार उपयोग झाला, वाट चुकणं कमी झालं. पायथ्याच्या वाटांवर दगडांना बाण रंगवले तर कुटुंबंही जाऊ शकतील. मृणालताईंची तक्रार हीच आहे की माहिती नाही. मग आपणच तयार करूया. मी यादी करायला तयार आहे.

सातपुडा_एके_सातपुडा

माझा स्पष्ट विरोध. मनुदेवीला श्रावणात आणि नवरात्रात काय होतं ते बघा. हेमाडपंती देऊळ, जवळच कडा, त्यावरून पडणारं पाणी, इतकी देखणी जागा. आणि नाल्यात पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. ती तर यात्रेची जागा, तिथे निदान आवरणारे लोक आहेत. आतल्या वाटांची फाइल एकदा फिरली की दुसऱ्या रविवारी स्पीकर घेऊन पन्नास जण तिथे हजर. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्या वाटेची फाइल सगळ्यांना वाटणं म्हणजे इतरांना गुन्ह्याची वाट दाखवणं.

ट्रेकर_अमोल

कचरा करणारे फाइल नसतानाही करतात. आणि सगळा सातपुडा काही अभयारण्य नाही. हरवलेल्या माणसाला शोधायला रात्री गावकऱ्यांना आणि वनरक्षकांना फिरावं लागतं, त्यापेक्षा खुणा बऱ्या नाहीत का? मी सुरक्षिततेसाठी बोलतोय.

निवृत्त_वनरक्षक

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. हरवलेल्यांना शोधायला मी स्वतः फिरलो आहे, म्हणून लिहितो.

सातपुड्यात माणूस हरवतो तो वाट नसल्यामुळे नव्हे, वाटा फार असल्यामुळे. गुरांच्या वाटा, लाकडाच्या वाटा, मोह वेचायच्या वाटा, एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात जाणाऱ्या वाटा. पावसाळ्यानंतर गवत छातीएवढं असतं, सगळ्या वाटा एकसारख्या. गवत कापलं, जळलं किंवा गुरांनी तुडवलं की वाटा बदलतात. पावसात काढलेली तुमची फाइल जानेवारीत दुसऱ्याच नाल्यात नेऊन सोडते. दगडावरचे बाण पुढच्या पुरात उलटे होतात. त्यापेक्षा माणूस बरोबर घ्या. त्याच्या डोक्यातली वाट दर आठवड्याला नवी होते.

आता जनावराबद्दल. बिबट्याला लोक घाबरतात, पण पायी माणसाला खरी काळजी अस्वलाची. त्याला दिसतं कमी, ऐकूही बेताचंच येतं, आणि ते खाण्यात गुंग असतं. तुम्ही गुपचूप वळणावर अचानक समोर गेलात की ते घाबरून अंगावर येतं. म्हणून:

मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो तेव्हा पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलात जाऊ नका. चालताना आपसात साध्या आवाजात बोलत राहा. गाणी लावायची गरज नाही, बोलणं पुरतं. वारुळं ताजी उकरलेली दिसली तर थांबा, वाटाड्याला पुढे जाऊ द्या. कुत्रं नेऊ नका. कुत्रं अस्वलाला छेडतं आणि पळत तुमच्याच पायाशी येतं.

पायात बूट, आणि बसण्याआधी दगड काठीने हलवून बघायचा. फुरसं लहान असतं आणि दगडाच्या रंगाचंच असतं.

तापीकाठ_मृणाल

काका, मनापासून आभार. गाणी न लावण्याचा मुद्दा भाच्यांना वाचून दाखवला. मोठा तोंड पाडून बसला आहे, धाकटा म्हणतो मी एकटाच दिवसभर पुरेसं बोलेन.

पिंगळा_शहादा

या बोलक्या धाकट्याला एक काम द्या: रानपिंगळा, म्हणजे एक लहानसं घुबड, शोधायचा. तेवढा वेळ तो गप्प बसेल.

रानपिंगळा १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडलाच नव्हता, लोकांनी तो नामशेष झाला असं धरलं होतं. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या अमेरिकन अभ्यासकांना तो आमच्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवानी जंगलात दिसला. पुढे तोरणमाळला दिसला, यावललाही नोंद झाली. जगातल्या पक्षी अभ्यासकांना शहादा हे नाव माहीत आहे ते या लहानशा घुबडामुळे. आणि आपल्याकडच्या कितीतरी शाळांमधल्या मुलांना त्याचं नाव माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हा भर दिवसा जागा असतो, उन्हात उघड्या फांदीवर बसतो. साध्या पिंगळ्यापेक्षा डोकं कमी ठिपक्यांचं, छाती गडद, पोट पांढरं स्वच्छ. दिसला तर लांबूनच बघा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, घरट्याच्या दिवसांत तर अजिबात नको.

सातपुडा_एके_सातपुडा

बघा अमोल, याचं लोकेशन टाकायचं का जाहीर?

ट्रेकर_अमोल

नाही. हे मान्य. पक्ष्यांच्या, घरट्यांच्या जागा नकोच. मी वाटांबद्दल बोलत होतो.

पावरा_धडगाव

सगळं वाचलं. मी धडगाव तालुक्यातला, आता नंदुरबारला नोकरीला. तुम्ही ज्याला ट्रेक म्हणता ती आमची बाजाराची वाट, शाळेची वाट, दवाखान्याची वाट. मी लहानपणी आश्रमशाळेतून सुट्टीला घरी असाच डोंगर उतरून-चढून गेलो आहे. म्हणून वाट जाहीर करावी की लपवावी या वादात एक प्रश्न राहून गेला: ती ज्यांची आहे त्यांना कोणी विचारलं का?

आम्हाला पाहुणे नकोत असं नाही. या, पण गावात आधी थांबा. पोलीस पाटलाला, सरपंचाला, नाहीतर जो पहिला म्हातारा भेटेल त्याला सांगा कुठे निघालात. वाटाड्याचा रोज आधी ठरवा आणि पूर्ण द्या. 'गाववाले भोळे, प्रेमाने येतात' असं म्हणून चहावर बोळवण करू नका. तो माणूस त्या दिवशीची मजुरी सोडून तुमच्याबरोबर येतो. जेवण त्याच्या घरी सांगितलंत तर भाकरी, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा मिळेल, त्याचेही पैसे द्या.

मोहाचं झाड जंगलात उभं दिसलं तरी ते कोणत्या घराचं, हे गावात ठरलेलं असतं. खाली पडलेली फुलं कोणाची तरी आहेत. आंबा, चारोळी यांचंही तसंच. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, काठीची होळी तर लांबून लोक बघायला येतात. त्या दिवसांत या, नाचा, पण बायकामुलींच्या तोंडासमोर न विचारता कॅमेरा धरू नका. ही गोष्ट आमच्या लोकांना फार लागते.

निवृत्त_वनरक्षक

अगदी खरं. एकच विनंती, मोहाखालचा पाला जाळणं कमी व्हायला हवं. वणव्याचं ते एक मोठं कारण आहे.

पावरा_धडगाव

काका, मान्य. आमच्याकडे काही गावांनी जाळणं सोडून झाडून घ्यायला सुरुवात केली आहे, खाली जाळी बांधली की फूलही स्वच्छ मिळतं. पण फेकलेल्या विडी-सिगारेटनेही वणवा लागतो, आणि नाव मात्र दर वेळी मोह वेचणाऱ्या बाईवर येतं. हेही लिहून ठेवा.

निवृत्त_वनरक्षक

लिहून ठेवलं. रास्त बोललात.

ट्रेकर_अमोल

पावरा दादा, तुमचं वाचून माझी सूचना बदलतो. फाइलींऐवजी गावांची यादी करूया: कोणत्या गावातून वाट सुटते, वनविभागाचं कार्यालय कोणतं, वाटाडे मिळतात का, कोणत्या महिन्यात जावं. गावाने हो म्हटलं तरच नाव टाकायचं. वाट गावातच विचारायची.

सातपुडा_एके_सातपुडा

याला माझा पूर्ण पाठिंबा. चोपडा-यावलची गावं मी विचारून घेतो.

धुळ्याची_वैशाली

अस्तंभ्याचं कोणीच लिहिलं नाही! दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याहून यात्रा निघते, रात्र रात्र लोक चालतात. उंची तेराशे मीटरच्या वर. अश्वत्थामा कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत याच डोंगरात फिरतो अशी श्रद्धा आहे. माझे मामा तरुणपणी दरवर्षी जायचे. ते सांगतात, अंधारात वाट चुकलेल्याला अश्वत्थामा वाट दाखवतो.

पिंगळा_शहादा

अस्तंभा पायथ्याची सहल नव्हे, मृणालताईंनी यंदा मनात आणू नये. कडा अरुंद आहे आणि यात्रेत रेटारेटी होते. तोरणमाळ मात्र वेगळं प्रकरण आहे. शहादा-म्हसावद-राणीपूर करत गाडीने वर जाता येतं, यशवंत तलाव, सीताखाई, आणि मुक्काम केला तर पहाटेची थंडी. जळगावहून एका दिवसात ओढाताण होईल, दोन दिवस काढा.

केळीपट्टा_रावेर

मूळ प्रश्नाकडे येऊ का? ताई, माझं मत अजूनही पाल. जळगावहून पहाटे निघालात तर उजाडताना रावेर, पुढे पाल. डिसेंबरात साग अजून पानांत असतो, ऊन सोसवतं. फेब्रुवारीनंतर सगळं निष्पर्ण, आणि एप्रिलमध्ये खानदेशचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. अंजनाची झाडं मुलांना दाखवा, खडकातून सरळ वर गेलेली. त्या लाकडावर कुऱ्हाड बोथट होते असं आमचे जुने सुतार सांगतात.

खायला कळण्याच्या भाकऱ्या न्या, ठेचा वेगळ्या डबीत. गोड हवं तर दशम्या. परतीला रावेरला शेवभाजी.

नंदू_चाळीसगाव

मी पाटणादेवीवर ठाम, पण एक कबूल: जळगावहून पाल जवळ पडेल. पाटणा जानेवारीत करा, मी बरोबर येतो. वडिलांना शिलालेखांची आवड असेल तर पितळखोरा लेणीही दाखवू. पाटण्याच्या बाजूने जंगलातून चढायचं आणि वरच्या कन्नडकडच्या रस्त्याला गाडी बोलवायची, म्हणजे उतरायचे कष्ट नाहीत.

तापीकाठ_मृणाल

ठरलं. डिसेंबरात पाल, जानेवारीत पाटणादेवी. वनविभागात फोन केला, अर्ज आणि ओळखपत्रांच्या प्रती आधी द्यायच्या आहेत, माणूस ते देणार आहेत. त्याचा रोज विचारून घेतला. पाणी माणशी तीन लिटर घरूनच नेतोय, डोहांच्या भरवशावर नाही. भूजलवाल्या दादांचं सगळं वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले सुकीच्या कोरड्या पात्रातून जमेल तेवढं वर चालत जाऊ, खडक कुठे लागतो ते बघायचंय.

भूजलवाला_यावल

बाबांना नमस्कार सांगा. कोरडं पात्र कुठे संपलं आणि ओल कुठे लागली तेवढं इथे कळवा, तारखेसकट. पाच-सात जणांनी दरवर्षी असं कळवलं तरी मला आणि शेतकऱ्यांना त्याचा उपयोग होईल. आणि धरण वर असेल तर सोडलेल्या पाण्याचीही चौकशी करा, पात्रात उतरण्याआधी.

निवृत्त_वनरक्षक

गोट्यांतून चालताना वडिलांच्या हातात काठी द्या. उतारावर मुरूम पायाखालून सुटतो, तिथे मुलांना पुढे पळू देऊ नका. आणि चारच्या आत नाक्यावर परत या, हिवाळ्यात डोंगराआड ऊन लवकर जातं.